नवीन लॉन: तयार लाद्या अंथराव्यात की बी पेरावं?

पायवाट (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी,
घराचं बांधकाम एकदाचं संपलं. समोर १२० चौरस मीटर जागा उरलीय. सध्या तिथे जे पसरलंय त्याला माती म्हणायचं की राडारोडा, हे तुम्हीच ठरवा. लॉन करायचं यावर घरात एकमत आहे, कसं करायचं यावर दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, गवताच्या तयार लाद्या (मातीसकट कापून आणलेले गवताचे पट्टे) आणू, एका दिवसात हिरवंगार. मला बी पेरायचंय. एक तर ते खूप स्वस्त पडतं, आणि दुसरं म्हणजे उगवताना बघायची हौस.
जागेचं वर्णन: साधारण ७० चौ.मी. सपाट, दिवसभर ऊन. फाटकाकडे ३५ चौ.मी. उतार, चांगलाच घसरता. कोपऱ्यात मोठ्या झाडाखाली १५ चौ.मी. सावली. घरात चार वर्षांचा मुलगा आणि एक कुत्रा. आम्ही दोघं नोकरी करतो, म्हणजे घरी फक्त सकाळ-संध्याकाळ. सध्या दिवसा पारा ३० च्या वर, रात्री २० च्या खाली उतरत नाही.
ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. जाहिरातीतले फोटो पुष्कळ बघून झालेत.

अंगणवेडी
लाद्या. घरात कुत्रा आणि चार वर्षांचं पोर असताना बी पेरायचा विचार तुम्ही करताय, याचंच कौतुक वाटलं.

खुरपं
लादी की बी हा नंतरचा प्रश्न. आधी पहार घ्या आणि तीन ठिकाणी हातभर खड्डे खणा. बांधकामाच्या जागेत वरच्या चार बोटं चांगल्या मातीखाली काय काय निघेल सांगता येत नाही. आमच्याकडे विटांचे तुकडे, वाळलेल्या सिमेंटची ढेकळं आणि एक अख्खी थापी निघाली. सिमेंट-चुना राहिला तर मातीचा सामू (पीएच) चढतो, गवताला ६ ते ७ च्या मधला मानवतो. मग खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि बघा. तासाला दोन-अडीच सेंमी पातळी उतरली तर निचरा ठीक. पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर लादी आणा नाहीतर बी, दोन्ही कुजणार.
आता माझी चूक सांगतो. मी लाद्याच आणल्या होत्या. खाली आमची मुरमाड जमीन, ती फक्त वरवर उकरून सपाट केली. पहिले दोन महिने येणारे-जाणारे थांबून बघायचे. तिसऱ्या महिन्यात कडक ऊन पडलं आणि सकाळी पाणी दिलेलं गवत दुपारी निळसर पडायला लागलं, चाललं की पावलांचे ठसे तसेच राहायचे. एक कोपरा धरून ओढला तर सतरंजी उचलावी तशी अख्खी लादी हातात आली. लादीबरोबर आलेली काळी चिकण माती दोन सेंमी, तिच्या तळाला मुळांचं पांढरं जाळं, सगळी मुळं आडवी पसरलेली. खाली मुरूम, कोरडा ठणठणीत. मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. बारीक माती पाणी धरून बसते, खालच्या भरड थरात ते सहजी उतरत नाही, मुळंही मग वरच्यावरच फिरत राहतात. पोकळ दातांच्या यंत्राने भोकं पाडून त्यात भरड माती भरत, दोन मोसम घालवून ते निस्तरलं.
तेव्हा जे कराल ते कराल, जमीन १५ सेंमी खोल मोकळी करा, कुजलेलं खत तीन-चार सेंमी पसरून त्यात मिसळा आणि हे काम वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना ठणठणीत अशी असताना करा. ओल्या मातीत फावडं घातलंत तर ढेकळं जन्मभर पुरतील. आणि लाद्या घेणार असाल तर त्या कुठल्या मातीत वाढल्यात ते विचारा. तुमच्या मातीशी जितकं साम्य तितकं बरं.

बेडूकराव
लॉनऐवजी फरशी टाका. कापावी लागत नाही.

पायवाट
@बेडूकराव, नवऱ्याला हा धागा दाखवणार होते, आता नाही दाखवत.
@खुरपं, खड्डे खणले. दोन ठिकाणी बरी माती, उताराजवळ रेती आणि खडी. पाणी मात्र छान जिरतंय. एक शंका: रोपवाटिकेत संकरित बर्म्युडाच्या लाद्या दाखवल्या, फार आवडल्या. दुसऱ्या एका दुकानदाराने त्याच जातीचं बीही मिळेल म्हणून सांगितलंय. मग तेच पेरलं तर?

गवत्या
नका घेऊ. त्या जातीला बी धरतच नाही.
बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, दूर्वा म्हणा. साध्या हरळीत ३६ गुणसूत्रं असतात, तिच्या आफ्रिकी बहिणीत १८. दोघींचा संकर झाला की २७ येतात. या आकड्याची नीट जोडी लागत नाही, म्हणून संकर वांझ. तुरा आला तरी आत जिवंत बी नाही. गोल्फच्या मैदानांवर आणि खेळाच्या मैदानांवर गाजलेली टिफवे ही जात अशीच. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन यांनी ती १९६० मध्ये प्रसारित केली. तेव्हापासून आजपर्यंत जगात जिथे कुठे ती आहे, तिथे कांडी, ठोंब किंवा लादी अशीच पोचलीय. पाकिटावर कुणी त्या जातीचं नाव छापून बी विकत असेल तर आत साधी हरळी असेल, किंवा त्याहून वाईट काहीतरी.
म्हणजे तुमचा प्रश्न खरं तर असा आहे: कुठलं गवत हवंय? ते ठरलं की लादी की बी हे बऱ्याचदा आपोआप सुटतं. बी पेरून करता येणारी हरळी आहे, चांगले वाणही आहेत. झॉयशिया नावाच्या गवताच्या काही जाती बियांनी येतात, पण इतक्या सावकाश की तेवढ्यात तुमचा मुलगा शाळेत जायला लागेल. सेंट ऑगस्टिन हे गवत जवळजवळ कायम ठोंबांनी किंवा लाद्यांनीच लावतात.
बी घ्यायचंच तर पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. शुद्धता ९५ टक्के आणि उगवण ८० टक्के असेल तर गुणाकार करा: ७६. म्हणजे किलोभर पाकिटात कामाचं बी ७६० ग्रॅम. तणाच्या बिया किती टक्के, तपासणी कधी झाली, तेही बघा. दोन मोसमांपूर्वीचं पाकीट फुकट मिळालं तरी महाग.

दहिवर
मी थंड हवेच्या ठिकाणी राहतो, आमचं गणित अगदी वेगळं. इथे उंच फेस्क्यू, राय आणि ब्लूग्रास ही थंडीतली गवतं. राय ५ ते १० दिवसांत डोकं वर काढतं, फेस्क्यू ७ ते १४, आणि ब्लूग्रास १४ ते २८ दिवस छळतं. मिश्रणाच्या पाकिटात राय जास्त घातलेली असते कारण गिऱ्हाईक आठवड्यात खूश होतं. पण तीच दांडगी होऊन हळू उगवणाऱ्या ब्लूग्रासला दाबून टाकते. पाचव्या हिश्शाच्या वर राय असेल तर मी ते पाकीट परत ठेवतो.
मी दोनदा बी पेरलं. पहिल्यांदा पेरणीच्या तिसऱ्या रात्री वळवासारखा पाऊस कोसळला. सकाळी बघतो तर सगळं बी ओघळून पायरीच्या कोपऱ्यात गोळा झालेलं. महिन्याभराने त्या कोपऱ्यात गवत इतकं दाट की बोट शिरेना, आणि बाकी जागा एखाद्याच्या टकलासारखी. उरलंसुरलं मुंग्यांनी नेलं, त्यांची रांग मी स्वतः बघितलीय. फेस्क्यू ठोंबाठोंबानेच वाढतं, धावत नाही, त्यामुळे टक्कल आपणहून भरत नाही. तिथे पुन्हा पेरावंच लागतं.
दुसऱ्यांदा शहाणा झालो. निम्मं बी उभं फेकलं, निम्मं आडवं. दंताळ्याच्या पाठीने हलकेच झाकलं, अर्ध्या सेंमीपेक्षा खोल नाही. हलकं रोलर फिरवलं आणि वर पेंढा, इतका विरळ की खालची निम्मी माती दिसत राहावी. आज ते लॉन शेजारच्या लाद्यांच्या लॉनपेक्षा उन्हात जास्त टिकतं, कारण मुळं जन्मापासून याच मातीत आहेत.

अंगणवेडी
@दहिवर, पटलं. पण दुसऱ्यांदा शहाणं होण्याआधीचं पहिलं वर्ष तुम्ही हिशोबात धरलं नाहीत.

दहिवर
धरतो. एक वर्ष, दोन पाकिटं आणि बायकोची बोलणी.

अंगणवेडी
माझं लाद्यांचं पुराण आता ऐका, म्हणजे मी आंधळेपणाने बाजू घेतेय असं वाटायला नको. आमची गाडी शुक्रवारी संध्याकाळी आली. माणसं रविवारी यायची होती. म्हटलं, गवतच आहे, काय होतंय. गुंडाळ्या एकावर एक रचून वर ताडपत्री टाकली, वर स्वतःलाच शाबासकी दिली. शनिवारी दुपारी एका गुंडाळीच्या पोटात हात घातला आणि झटकन मागे घेतला, आत कढत! कुजकट, आंबूस वास. गुंडाळलेलं गवतही श्वास घेत असतं, आतली उष्णता बाहेर पडत नाही. उलगडल्यावर कडा हिरव्या आणि मधला पट्टा पिवळाधमक. निम्म्या लाद्या गेल्या. तर गरम हवेत गाडी आली त्याच दिवशी अंथरा, आधी जमीन तयार ठेवून मगच गाडी बोलवा. थंडीत फार तर एखादा दिवस सवलत.
अंथरताना विटांच्या बांधकामात असतो तसा सांधमोड हवा, चार कोपरे एका जागी येता कामा नयेत. कडा एकमेकींना भिडवा पण एकीवर दुसरी चढवू नका. ओढून-ताणून बसवलेली लादी वाळली की आखडते आणि फट पडते. गुडघ्याखाली फळी घ्या, अंथरलेल्यावर थेट चालू नका. आणि खालची माती पायवाटेपेक्षा दोन-अडीच सेंमी खाली ठेवा, नाहीतर लादी बसल्यावर उंबरठा तयार होतो. मी दोनदा ठेचकाळलेय.

मोजपट्टी
पाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून. १ चौ.मी. वर १ मिमी पाणी म्हणजे १ लिटर. लाद्या अंथरल्या त्या दिवशी २० ते २५ मिमी लागतं, खालची १० सेंमी माती भिजली पाहिजे. पूर्ण १२० चौ.मी. ला लाद्या घातल्यात तर एका दिवसात २४०० ते ३००० लिटर. पुढचे दहा-बारा दिवस रोज, मग हळूहळू अंतर वाढवत न्यायचं.
बियांचं उलटं. एका वेळी जेमतेम २-३ मिमी, पण दिवसातून तीन-चार वेळा, निदान दोन-तीन आठवडे. बी फुगून कोंब फुटला आणि त्या दुपारी वरची माती सुकली, की संपलं. पुन्हा भिजवून तो कोंब जिवंत होत नाही. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर आहात. घड्याळ लावलेले फवारे बसवणार नसाल तर ३० अंशांच्या उन्हात बी पेरू नका. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.
वजनही धरा. लादी चौ.मी. ला १५ ते २० किलो भरते, ओली असेल तर जास्तच. १२० चौ.मी. म्हणजे दोन टनांच्या घरात. फाटकापासून कोण वाहणार?

उंबरठा
झाडाखालच्या सावलीसाठी एक सुचवतो, तिथे लाद्या घाला. बी सावलीत नीट येत नाही, पण तयार गवत तग धरेल.

गवत्या
@उंबरठा, उलट आहे हो. लाद्या उघड्या रानात भर उन्हात वाढवलेल्या असतात. हरळीला सहा-आठ तास ऊन नसेल तर ती वर्षभरात विरळ होऊन नाहीशी होते, तुम्ही पेरा नाहीतर अंथरा. वर झाडाची मुळं पाणी पळवतात ते वेगळंच. सावलीत पैसे घालवायचे तर बाक आणा.

उंबरठा
बरं. म्हणजे मी दोन वर्षं जे करतोय ते...

गवत्या
हो.

टोचणी
तिसरी वाट कुणी सांगितलीच नाही. संकरितच गवत हवंय आणि सगळीकडे लाद्या परवडत नाहीत ना? मग लादीचे तुकडे करून टोचा. १ चौ.मी. लादीतून ५ सेंमीचे ४०० चौकोन निघतात. ते १५-१५ सेंमीवर लावले तर एका चौरस मीटरला ४४ पुरतात, म्हणजे एका लादीत नऊ चौ.मी. ची सोय. ऊन आणि पाणी मिळालं तर हरळी दोन-अडीच महिन्यांत मधली जागा धावून भरते. याहून स्वस्त म्हणजे नुसत्या कांड्या. प्रत्येकीला दोन-तीन पेरं हवीत, एखादं पेर मातीत आणि टोक वर. आमच्याकडे माळीबुवांनी गवत कापून, माती-शेणखताच्या चिखलात कालवून भिंतीला गिलावा करतात तसं जमिनीवर थापलं होतं. दिसायला भयंकर, पण आलं. तुकडे मात्र माझ्या मते जास्त भरवशाचे, कारण स्वतःची माती घेऊन येतात आणि एखादी दुपार पाणी चुकलं तर लगेच रुसत नाहीत.

मोजपट्टी
हे आवडलं. ७० भागिले ९, म्हणजे सपाट भागाला आठ चौ.मी. लादी पुरे.

पायवाट
आईशप्पथ, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण उतारावर?

खुरपं
उतारावर लाद्याच, तिथे काटकसर नको. बी पहिल्या पावसात फाटकाबाहेर जाईल. लाद्या उताराला आडव्या घाला, खालून वर चढत जा, आणि प्रत्येकीला दोन लाकडी खुंट्या ठोका, डोकं गवताच्या आत बुडेल अशा. मुळं धरली की काढायला विसरू नका. कापणी यंत्राच्या पात्याला खुंटी लागली की जो आवाज होतो तो विसरता येत नाही.

गवत्या
आणि एका घरात एकच गवत ठेवा. उतारावर संकरित लाद्या आणि सपाट भागात बियांची साधी हरळी असं केलंत तर मधली सीमा कायम दिसेल, एकीकडे बारीक गडद पातं, दुसरीकडे भरड फिकं. टोचणींची युक्ती म्हणूनच बसतेय. लाद्या घेताना उलटून बघा, मागे प्लॅस्टिकची जाळी नको. काही ठिकाणी कोवळी लादी फाटू नये म्हणून लावतात. ती मातीत वर्षानुवर्षं राहते आणि दंताळ्यात अडकते.

अंगणवेडी
लव्हाळा आहे का जागेत? असला तर आधी सांगा. तो लादी फोडून वर येतो, मी बघितलाय, सुईसारखा.

पायवाट
आहे. भिंतीकडे बराच.

अंगणवेडी
मग महिनाभर थांबा. मोकळ्या जमिनीला पाणी द्या, उगवू द्या, काढा. पुन्हा पाणी, पुन्हा काढा. इतर तणं दोन फेऱ्यांत बरीच कमी होतात. लव्हाळ्याच्या गाठी मात्र माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात, नुसतं कुदळलं की माळ तुटते आणि प्रत्येक गाठ स्वतंत्र संसार थाटते. तिथली माती गाठींसकट चाळून काढा. कंटाळवाणं काम आहे. दोन्ही पोरांना कामाला लावा, म्हणजे मुलगा आणि नवरा.

पायवाट
ठरलं. उतारावर ३५ चौ.मी. लाद्या, सपाट भागात तुकडे, झाडाखाली बाक. तूटफूट धरून ४५ चौ.मी. सांगतेय. बी पेरायची हौस कुंडीत भागवीन.
लव्हाळ्याचं काम सुरू केलंय. काल दोन तासांत एक बादली गाठी निघाल्या.

बेडूकराव
फरशीचा प्रस्ताव अजून खुला आहे.

पायवाट
सुमारे तीन महिन्यांनी धागा वर काढतेय. लावून सात आठवडे झाले.
गाडी सकाळी सातला आली, दुपारी चारपर्यंत उतार झाकला. तुकडे करायला मात्र पुढचा दिवस उजाडला. जुनी दातेरी सुरी घेतली होती, तीनशेव्या तुकड्याला तिची धार गेली आणि माझी उमेदही. रात्रभर तुकड्यांना पसरून ओल्या गोणपाटाखाली ठेवलं, गुंडाळीच्या पोटातला हात आठवत होता. सुतळी बांधून ओळी आखल्या. तरी मधेच एक ओळ तिरकी गेलीय, ती आखताना मी फोनवर होते हे नवऱ्याने पाहुण्यांसकट सगळ्यांना सांगितलंय.
पहिले दोन आठवडे काही म्हणजे काही झालं नाही. मातीवर हिरवी ठिगळं. चार तर पिवळी पडली. मग एका सकाळी एका तुकड्यातून तांबूस दोरा बाहेर आलेला दिसला, वीतभर. दोन दिवसांनी त्याला पेराशी पांढरं मूळ फुटलं. आता ओळी जवळपास मिटल्यात, भिंतीकडे तेवढी मधली माती दिसते. मुलगा एका ठिगळावरून दुसऱ्यावर उड्या मारायचा, त्याचा खेळ बुडाला म्हणून तो नाराज आहे. कुत्र्याने अकरा तुकडे उकरले, नऊ परत लावले. लव्हाळा अधूनमधून डोकं काढतो, सकाळी चहाआधी खुरपं घेऊन फिरते.
उतारावर परवा एका लादीचा कोपरा ओढून बघितला. हलली नाही. जोर लावला तर पातं तुटलं, लादी जागेवर. फक्त खालच्या दोन ओळींत सांधे बोटभर उघडलेत, तिथे बसवताना आम्ही दमलो होतो. त्यात काय भरू?

खुरपं
उघडलेल्या सांध्यात तुमचीच चाळलेली माती आणि थोडं कुजलेलं खत. कडा सुकू देऊ नका, हरळी धावत जाऊन शिवण घालेल. वाळू नुसती भरू नका.
खुंट्या काढल्यात ना?

पायवाट
...उद्या काढते.